टेस्टर पेटतो, पण मिक्सर फिरत नाही: बिघडलेला प्लग पॉइंट कसा ओळखायचा

परळच्या एका जुन्या इमारतीत भाड्याने राहायला आलो आणि पंधरा दिवसांत ओट्यावरचा प्लग पॉइंट रुसला. मोबाइल चार्ज व्हायचा, मिक्सर मात्र ढिम्म. नाक्यावरून एक पोरगा आला, त्याने भोकात टेस्टर खुपसला, लाल दिवा पेटला. "लाईट आहे की दादा, सॉकेटच गेलंय," म्हणून त्याने सॉकेट बदललं. ओढाओढीत वायरी कुठेतरी टेकल्या असाव्यात, कारण दोन दिवस चटण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग दुसऱ्याने येऊन बटण बदललं. शेवटी खालच्या मजल्यावरचे वायरमन काका बल्बचा होल्डर घेऊन वर आले. जन्म गिरणीच्या वायरिंगमध्ये गेलेला माणूस. त्यांनी दहा मिनिटांत दोष शोधला, तोही हॉलमध्ये, सोफ्यामागच्या बोर्डात. स्वयंपाकघरातल्या सॉकेटला काही म्हणजे काही झालं नव्हतं.

काका म्हणाले, "टेस्टर पेटला म्हणजे वीज आली एवढंच कळलं. तिला परत जायला वाट आहे का, ते टेस्टर कुठे सांगतो?"

हा लेख त्यासाठीच. मुंबईत नव्या घरात आलात, एखादा पॉइंट चालत नाही, आणि कोणाला बोलवावं, काय सांगावं हे कळत नाही, अशा वेळी दोष कुठे आहे हे शोधायच्या या पायऱ्या आहेत. दुरुस्ती तुम्हीच केली पाहिजे असं मुळीच नाही. पण दोष उपकरणात आहे, पॉइंटमध्ये आहे, घराच्या वायरिंगमध्ये आहे की थेट मीटर रूममध्ये, एवढं कळलं तरी दोन फेऱ्यांचे पैसे वाचतात.

१. आधी डोळे, नाक, कान. हात नंतर.

पॉइंटसमोर उभे राहा आणि नुसतं बघा. भोकांभोवती तपकिरी डाग, वितळलेली कड, एका बाजूने फुगलेली प्लेट? वास घ्या. तापलेलं बॅकेलाइट आणि प्लॅस्टिक मासळीसारखं, उग्र वासतं. शेजारी बोंबील तळतायत असं समजून आमच्या घरात दोन दिवस दुर्लक्ष झालं होतं, म्हणून मुद्दाम सांगतो. मग बटण चालू करून कान द्या. चर्रर्र किंवा बारीक गुणगुण ऐकू आली तर आत कुठेतरी ठिणग्या पडतायत.

यातलं काहीही दिसलं, वास आला किंवा ऐकू आलं तर पुढच्या तपासण्या करू नका. त्या पॉइंटचा एमसीबी (वायरिंगच्या डब्यातला, जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका) खाली पाडा आणि वायरमनला बोलवा. खालच्या परिस्थितीत तर मेन स्विचच बंद करायचा:

- भिंत ओली आहे. पावसाळ्यात वरच्या बाथरूमची किंवा गच्चीची गळती बोर्डापर्यंत उतरते. बोर्ड बाहेरून कोरडा दिसला तरी आतला लोखंडी डबा ओला असू शकतो.
- फ्रीजला, वॉशिंग मशीनला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात.
- घरातले काही दिवे अचानक भगभगीत झाले आणि काही मंदावले. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

कोणाला शॉक लागून तो चिकटला असेल तर त्याला धरायला धावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरपासून दूर करा आणि १०८ ला फोन करा. बोर्डाने पेट घेतला तर पाणी मारू नका. मेन बंद करा आणि १०१.

२. बिघाड किती लांब पसरलाय ते मोजा

ही पायरी फुकट आहे, तरी जवळपास सगळे जण ती गाळतात.

तेच उपकरण दुसऱ्या खोलीतल्या पॉइंटवर लावून बघा. तिथेही बंद असेल तर पॉइंट बिचारा निर्दोष आहे. उपकरणाचा प्लग, त्याची वायर किंवा आतला फ्यूज बघा. प्लगच्या मानेपाशी वायर वाकून वाकून आतून तुटते, आणि इस्त्रीच्या बाबतीत तर हमखास.

उपकरण तिकडे चाललं, तर आता बंद पॉइंटवर दुसरं काहीतरी लावा. इथे एक सापळा आहे. मोबाइलचा चार्जर लावून "चालतोय की" म्हणू नका. चार्जर अगदी थोडी वीज घेतो आणि १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही निवांत काम करतो. ढिल्या वायरीतूनही त्याचं भागतं. साधा टेबल लॅम्प लावा, तोही जुन्या तारेच्या बल्बचा. एलईडी नको, त्याचीही भूक चार्जरसारखीच कमी. तारेचा बल्ब मंद पेटला, लुकलुकला, तर वीज येतेय पण वाटेत कुठेतरी अडतेय.

आता त्या पॉइंटचे शेजारी तपासा. त्याच बोर्डावरचे दिवे-पंखे चालू आहेत का? त्याच भिंतीवरचे बाकीचे पॉइंट? सगळी खोलीच बंद असेल तर वायरिंगच्या डब्यातला एमसीबी पडलाय का बघा. अर्धवट पडलेल्या एमसीबीचा खटका मध्येच अडकल्यासारखा दिसतो. तो आधी पूर्ण खाली करून मगच वर करायचा. जुन्या घरात एमसीबीऐवजी चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतात. तिथे मेन बंद करून फ्यूज ओढून बघा, आतली बारीक तार वितळलेली असेल. नवी तार तेवढ्याच जाडीची घाला. "परत परत उडतोय" म्हणून वायरीचा जाड तुकडा घालणारे महाभाग मी पाहिलेत. मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायर वितळते.

एमसीबी वर केल्या केल्या पुन्हा पडला तर तो तसाच पुन्हा वर करू नका. त्या भागातले सगळे प्लग काढा आणि एकदाच प्रयत्न करा. तरीही पडत असेल तर शॉर्ट वायरिंगमध्ये आहे.

सगळं घरच अंधारात असेल तर जिन्यातले दिवे आणि शेजाऱ्यांचं घर बघा. मीटरपर्यंत येणाऱ्या लाइनमधला दोष वीज कंपनीचा, मीटरपासून घराकडचा तुमचा किंवा घरमालकाचा. कंपनी कोणती हे बिलावर असतंच. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. मीटरच्या सीलला हात लावू नका. "जरा बघतो" म्हणून सील तोडलं तर विद्युत कायदा २००३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

३. लागणारं सामान

टेस्टर, टॉर्च (मोबाइलचा चालेल, पण हात मोकळे राहतील असा बरा), कोरड्या रबरी चपला, तारेच्या बल्बचा टेबल लॅम्प. एवढ्यावर निम्मं काम होतं.

पुढे जायचं असेल तर डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आकड्यात दाखवणारं मीटर, घ्या. त्याच्या आणि त्याच्या वायरींच्या अंगावर "कॅट थ्री ६०० व्होल्ट" (CAT III 600V) अशी सुरक्षिततेची खूण असावी. मल्टिमीटरसाठी लॅमिंग्टन रोड, आणि सॉकेट-बटणं-वायरींसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ. लोहार चाळीत घाऊकचा भाव मिळतो, पण नकली मालही तिथेच मिळतो. सॉकेटवर आयएसआयची खूण आणि आयएस १२९३ हा क्रमांक बघून घ्या, वायरीवर आयएस ६९४. तीन छोटे दिवे असलेला प्लगसारखा सॉकेट टेस्टरही येतो. भोकात काही खुपसावं लागत नाही, म्हणून नवख्यासाठी तो उत्तम.

कागदांमध्ये विजेचं बिल जवळ ठेवा. ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार किती किलोवॅट आहे ते त्यावर असतं. भाडेकरू असाल तर करारनामाही काढून ठेवा, दुरुस्ती कोणाकडे ते त्यात लिहिलेलं असतं. जळक्या सॉकेटचे फोटो दुरुस्तीआधी काढून घरमालकांना पाठवा. नंतर डिपॉझिटवरून वाद झाला की फोटो बोलतो.

४. टेस्टर: काय सांगतो, काय सांगत नाही

समोरून बघितलं तर आपल्या सॉकेटमध्ये वरचं मोठं भोक अर्थचं (गळालेली वीज जमिनीत नेणारी वायर), उजवीकडचं फेजचं (वीज आणणारी), डावीकडचं न्यूट्रलचं (वीज परत नेणारी). टेस्टर लावताना बोट मागच्या धातूच्या टोपीवर हवं, पुढच्या पात्यावर कधीही नको.

आधी ज्या पॉइंटवर वीज आहे हे नक्की माहीत आहे, तिथे टेस्टर लावून तो पेटतो याची खात्री करा. मग बिघडलेल्या पॉइंटवर बटण चालू ठेवून:

- उजवीकडे पेटला, डावीकडे नाही: फेज येतोय. न्यूट्रलबद्दल अजून काहीच कळलेलं नाही.
- कुठेच पेटला नाही: फेज येत नाही. बटण जळलंय, वायर निसटलीय किंवा आधीच्या बोर्डातून इथे येणारी जोडवायर (लूप) तुटलीय.
- फक्त डावीकडे पेटला: फेज-न्यूट्रल उलटे जोडलेत.
- बटण बंद केल्यावरही पेटतोय: बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलंय. म्हणजे बटण बंद करून तुम्ही निर्धास्त होता, आणि सॉकेट जिवंतच असतं. आजच दुरुस्त करून घ्या.

आता आमच्या ओट्याची गंमत. मिक्सरचा प्लग दुहेरी सॉकेटच्या एका बाजूला लावून काकांनी मिक्सरचं बटण चालू करायला सांगितलं. मिक्सर गप्प. मग त्यांनी शेजारच्या रिकाम्या सॉकेटमध्ये टेस्टर लावला. उजवीकडे पेटला. डावीकडेही पेटला! न्यूट्रल तुटलेला किंवा ढिला असला की वीज उपकरणाच्या आतून फिरून न्यूट्रलच्या वायरीत येऊन थांबते, तिला पुढे वाट नसते. दोन्हीकडे टेस्टर पेटला की "न्यूट्रल गेला" हे वायरमन लोकांचं पहिलं निदान असतं. पण ही खूण उपकरण लावून, चालू करूनच दिसते. नाक्यावरच्या पोराने रिकामं सॉकेट तपासलं आणि तो फसला.

नव्या सॉकेटमध्ये भोकांवर आतून झडपा असतात. दोन्ही पिना एकदम गेल्या की किंवा अर्थची लांब पिन आत शिरली की त्या उघडतात, म्हणून नुसता टेस्टर आत जात नाही. लोक अर्थच्या भोकात रिफील, चमच्याचा दांडा, काय वाट्टेल ते घालून झडप उघडतात. ते करू नका. अशा ठिकाणी दिव्यांचा सॉकेट टेस्टर वापरा.

५. मल्टिमीटरचे तीन आकडे

मीटर एसी व्होल्टवर ठेवा, ६०० किंवा ७५० चा पट्टा. लाल वायर "व्ही" लिहिलेल्या भोकात आहे ना, "१० ए" मध्ये नाही ना, हे दोनदा बघा. अँपिअरच्या भोकात वायर ठेवून सॉकेटमध्ये टोकं घातली तर थेट शॉर्ट होतो. माझ्या हातून एकदा झालंय. टोक काळं पडलं, एमसीबी पडला, आणि बायकोने तो मीटर महिनाभर कपाटात कुलूपबंद ठेवला.

फेज ते न्यूट्रल: २३० च्या आसपास, म्हणजे साधारण २१६ ते २४४.
फेज ते अर्थ: तेवढंच.
न्यूट्रल ते अर्थ: शून्य ते चार-पाच व्होल्ट.

हे तिन्ही बरोबर आले तर पॉइंटपर्यंत वायरिंग आहे. पण लगेच खूश होऊ नका. मीटर स्वतः वीज घेतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे केसाएवढ्या टोकावर लटकलेली वायरही त्याला २३० दाखवते. खरी परीक्षा भाराखाली. पॉइंट दिसायला, वासाला चांगला असेल, तर हजार वॅटची इस्त्री त्यावर लावा आणि त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटवर व्होल्ट बघत राहा. दोन-पाच व्होल्ट उतरले तर चालायचंच. पंधरा-वीस उतरले तर वाटेत कुठेतरी जोड ढिला आहे, आणि जिथे ढिला आहे तिथे तो तापतोय. इस्त्री दोन मिनिटांच्या वर चालू ठेवू नका. ती बंद केल्यावर प्लगच्या पिनांना उलट्या हाताने स्पर्श करून बघा. पिना चटका लावण्याइतक्या गरम असतील तर सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या आहेत.

मुंबईत पट्ट्या सैल होण्यापेक्षा काळ्या-हिरव्या पडण्याचं प्रमाण मला जास्त दिसलं. वरळी, माहीम, वर्सोवा, जिथे समुद्राचा वारा खिडकीतून थेट आत येतो, तिथे पितळ फार लवकर खराब होतं.

६. अर्थिंग खरं आहे की दाखवायला?

यावर जरा थांबतो, कारण चालू पॉइंटमध्येही हा दोष लपलेला असतो.

जुन्या चाळींमध्ये आणि पागडीच्या इमारतींमध्ये वायरिंग मुळात दोन वायरींचं होतं. लाकडी पट्टीवर ठोकलेली वायर, फेज आणि न्यूट्रल, बस. नंतर कोणीतरी तीन पिनांची सॉकेट बसवली, पण वरच्या भोकाच्या मागे वायरच नाही. फेज ते अर्थ मोजल्यावर २३० च्या जागी ६०, ९०, १२० असे हेलकावे खाणारे आकडे आले तर तुमचा अर्थ हवेत लटकतोय.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनेला जोडून दिलेला असतो. मीटरवर सगळं छान दिसतं: फेज ते अर्थ २३०, न्यूट्रल ते अर्थ नेमकं शून्य, इस्त्री लावली तरी शून्यच. खऱ्या अर्थिंगमध्ये भार टाकल्यावर हा आकडा थोडा तरी हलतो. ही फसवणूक जीव घेऊ शकते, कारण न्यूट्रल कुठेही तुटला की त्याच तुकड्यातून वीज फ्रीजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येते. दार उघडायला हात लावला की संपलं.

असा संशय आला तर गीझर, फ्रीज, वॉशिंग मशीन त्या पॉइंटवरून काढा आणि परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. इमारतीच्या मीटर रूमपाशी अर्थिंगचा खड्डा असतो, तिथून वर हिरवी वायर आली आहे का, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. अर्थ म्हणून नळाच्या पाइपला वायर बांधू देऊ नका. आता पाइप मधेमधे प्लॅस्टिकचे असतात, आणि नसले तरी तुमचा दोष शेजारच्याच्या नळाला जातो.

७. आरसीसीबी पडत असेल तर

डब्यात टेस्ट लिहिलेलं छोटं बटण असलेला रुंद खटका म्हणजे आरसीसीबी. लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. घरात तो बहुधा ३० मिलीअँपिअरचा असतो. जेवढी वीज गेली तेवढी परत आली नाही, म्हणजे कुठेतरी गळाली, की तो पडतो. जास्त भाराने तो पडत नाही, ते काम एमसीबीचं.

शोध असा घ्या. घरातले सगळे प्लग काढा. बटणं बंद करून भागत नाही, प्लगच काढायचे, कारण बटण फक्त फेज तोडतं आणि न्यूट्रलमधून होणारी गळती तशीच राहते. खटका वर करा. राहिला? मग एकेक उपकरण लावत जा. पहिला संशय गीझरवर, दुसरा वॉशिंग मशीनवर, जुलै असेल तर तिसरा बाल्कनीतल्या किंवा खिडकीच्या एसीच्या पॉइंटवर. सगळे प्लग काढूनही खटका पडत असेल तर गळती वायरिंगमध्ये आहे.

"सारखा पडतो म्हणून काढूनच टाका" असं म्हणणारा वायरमन आला तर त्याला चहा देऊन परत पाठवा.

८. चुकीच्या भोकात मोठी भूक

जळलेल्या सॉकेटमागचं कारण बहुतेक वेळा साधा भागाकार असतो. वॅटला २३० ने भागा. १५०० वॅटचा रॉड किंवा किटली: साडेसहा अँपिअर. २००० वॅटचा गीझर किंवा इंडक्शन शेगडी: ८.७. तीन हजार वॅटचा इन्स्टंट गीझर: १३. लहान सॉकेट सहा अँपिअरचं, ज्याला दुकानदार अजून "पाचचं" म्हणतात. मोठं सोळाचं, म्हणजे "पंधराचं" किंवा पॉवर पॉइंट. मोठ्या प्लगला लहान सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो, आणि भाड्याच्या घरांतले कितीतरी पॉइंट त्यानेच मारलेत. गीझर आणि एसीसाठी चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा.

९. दिवे भगभगले तर

इमारतीत वीज तीन फेजने येते आणि घरं त्यांवर वाटून दिलेली असतात. खाली मीटर रूममध्ये मुख्य न्यूट्रल ढिला झाला तर काही घरांत व्होल्ट कोसळतात आणि काहींत ३०० च्या वर, पार ४०० कडे जातात. पंखे पळू लागतात, ट्यूबा भगभगतात, टीव्ही "फट्" म्हणतो. यात तुमच्या पॉइंटचा काही संबंध नाही. मेन बंद करा, शेजाऱ्यांना ओरडून सांगा, बिलावरच्या तक्रार क्रमांकावर "न्यूट्रल फॉल्ट" असे शब्द वापरून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

१०. बोर्ड उघडायचाच असेल तर

फक्त बघण्यासाठी, आणि दिवसाउजेडी. मेन बंद करा, घरातल्यांना सांगा, डब्यावर चिठ्ठी लावा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासलेला असू द्या. मेन बंद केल्यावर बिघडलेल्या पॉइंटच्या सगळ्या भोकांत लावा. नंतर मेन चालू करून टेस्टर अजून पेटतो ना हे पुन्हा बघा, म्हणजे मधल्या वेळात त्याचा दिवाच गेला नव्हता याची खात्री. मग मेन पुन्हा बंद, पुन्हा सगळ्या भोकांत टेस्टर, आणि मग स्क्रू. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, ही गोष्ट हटकून विसरली जाते.

मॉड्युलर प्लेटची वरची चौकट नखाने किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने सुटते, स्क्रू तिच्याखाली असतात. वायर ओढू नका, फोटो काढा. लाल, पिवळी किंवा निळी वायर फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थची. निदान असायला हवी. जुन्या घरात रंगांवर भरवसा ठेवू नका.

सोफ्यामागचा आमचा बोर्ड काकांनी उघडला तेव्हा आधी पालीची दोन अंडी खाली पडली, पांढरी, वाटाण्याएवढी. त्यांच्यामागे तीन काळ्या वायरी एकाच स्क्रूखाली कोंबल्या होत्या. दोन घट्ट होत्या. तिसरी, म्हणजे ओट्याकडे जाणारी, बोटाने हलवली तर हलत होती. तिचं आवरण टोकापाशी कडक होऊन कुरकुरीत झालं होतं, पापडासारखं मोडलं, आणि आतलं तांबं काळपट पडलं होतं. काकांनी जळका भाग कापला, दोन बोटांनी तांबं पिळलं, स्क्रू आवळला आणि प्रत्येक वायर ओढून बघितली. झालं.

वायर तांब्याऐवजी पांढुरकी, ॲल्युमिनियमची निघाली, आवरण हातात तुटायला लागलं किंवा डब्यात ओल दिसली तर काही न करता प्लेट परत लावा, एमसीबी खालीच ठेवा आणि वायरमनला फोन करा.

११. वायरमनला काय सांगायचं

"सॉकेट खराब आहे" एवढंच सांगितलं तर तो सॉकेट घेऊन येईल. त्यापेक्षा असं सांगा: "काका, ओट्यावरचा पॉइंट आहे. मिक्सर दुसरीकडे चालतो, इथे नाही. मिक्सर लावून टेस्टर लावला तर दोन्हीकडे पेटतो. एमसीबी पडलेला नाही. बाकीचे पॉइंट चालू आहेत." एवढ्यावर चांगला वायरमन फोनवरच विचारतो, त्या पॉइंटची वायर कुठल्या बोर्डातून आली आहे.

काम झाल्यावर तो निघायच्या आत तीन गोष्टी करून घ्या. जुना सुटा भाग त्याच्याकडून मागून बघा, कुठे जळलाय ते त्यावर दिसतं. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का बघा. आणि डब्याच्या झाकणाच्या आत कागद चिकटवून कोणता एमसीबी कुठल्या खोलीचा ते त्याच्याकडूनच लिहून घ्या. आमच्या डब्यात आता काकांच्या अक्षरात लिहिलंय: "ओटा: न्यूट्रल हॉलमधून, सोफा सरकवावा."